टेकडीवरून दिसलेले फ्लॉरेन्स



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘युरोपचा प्रवास’ या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले की मी युरोप पाहिलेला नाही. पंधरा दिवसांत सात देश पाहून आलेली माणसे आता आपल्या जिल्ह्यातही आहेत. व्याख्यान त्यांचे ठेवावे. मी जाऊन राहिलो अकरा दिवस, तेही एका टेकडीवरच्या एका हॉटेलात, आणि त्यांतले निम्मे दिवस एका खिडकीत बसून काढले. यावर चिटणीस म्हणाले, “मग गुरुजी, खिडकीवरच बोला.” तेव्हा आता जे ऐकावे लागेल त्याचा निम्मा दोष त्यांच्याकडे जातो.

माझा भाचा इटलीत फ्लॉरेन्स शहरी नोकरीस आहे. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाई म्हणत असू, गेल्या श्रावणात वारली. त्याला निरोप गेला, मिळेल त्या विमानाने तो निघाला, नागपुरास उतरून वडशावरून कुरखेड्यापर्यंत येऊन पोचलाही. परंतु आमचे गाव नदीपलीकडे. सतीला पूर होता. आपणांपैकी बहुतेकांनी हा प्रसंग कधी ना कधी सोसलेला असेल, म्हणून अधिक सांगत नाही. पलीकडे पाऊस थांबेना, सरपण भिजत चालले, गावकरी म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही. त्याच्या वाटचा अग्नी मी दिला. तो त्या वेळी अलीकडच्या काठावर उभा होता. पाणी उतरल्यावर आला, तेरावे करून परत गेला. मग तीन महिन्यांनी त्याचा फोन आला, “मामा, काही दिवस इकडे या.” कशाला, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्याचे बिऱ्हाड एका खोलीचे. म्हणून त्याने माझी सोय शहराबाहेर, फिएझोले नावाच्या डोंगरावरच्या गावी केली. नोव्हेंबरची अखेर, प्रवाशांचा हंगाम उलटलेला, त्यामुळे दर उतरले होते. एरवी तिथे राहणे पेन्शनीत बसणारे नव्हे. नऊ खोल्यांचे जुने दगडी घर, लाकडी झडपांच्या खिडक्या, लाल कौले. चालविणारी एक वृद्ध बाई आणि तिचा भाऊ. भाऊ फारसे बोलत नसे. पण सकाळी माझ्यापुढे कॉफी ठेवताना कपाची मूठ माझ्या हाताकडे वळवून ठेवी. अशा माणसाने बोलले नाही तरी चालते.

फिएझोले समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे आणि फ्लॉरेन्स पन्नासाच्या आसपास. म्हणजे शहर आपल्या पायाखाली अडीचशे मीटर, परातीत ठेवल्यासारखे. सकाळी परातीत धुके भरलेले असे. मग नऊच्या सुमारास त्यातून पहिल्याने एक लाल घुमट वर येई, त्याच्या बाजूचा मनोरा येई, आणि पुष्कळ वेळाने बाकीचे शहर. मी रोज याची वाट पाही. आवाज काही येत नसे.

त्या घुमटाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा तिथल्या मुख्य चर्चचा घुमट. चर्चचा पाया १२९६ मध्ये घातला गेला, भिंती चढल्या, पण मधली जागा इतकी रुंद ठेवली होती की तिच्यावर छत कसे घालावयाचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. कित्येक वर्षे ती जागा उघडीच होती. आधी बांधावयाचे आणि मग विचार करावयाचा ही रीत फक्त आपलीच आहे असे मी इतके दिवस समजत होतो. घुमट बांधताना खालून लाकडाचा सांगाडा उभारावा लागतो, आपले गवंडी ज्याला सेंटरिंग म्हणतात तो. एवढ्या उंचीवर एवढा सांगाडा करावयाचा तर लाकूड आणावे कुठून? आलापल्लीचे सागवान त्यांच्या शेजारी नव्हते! ब्रुनेलेस्की नावाचा मनुष्य, मूळचा सोनारकाम शिकलेला, पुढे आला आणि म्हणाला, मी सेंटरिंगवाचून बांधतो. त्याने एकात एक असे दोन घुमट रचले. विटांच्या आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा अशा बसविल्या की ओला थर घसरू नये, प्रत्येक फेरा पुरा होताच स्वतःच स्वतःला धरून राहावा. १४२० मध्ये काम सुरू झाले, १४३६ मध्ये संपले, चाळीस लाखांहून अधिक विटा लागल्या. आपल्या वैनगंगेवरची मार्कंड्याची देवळे त्याहून कितीतरी जुनी आहेत, हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “मामा, इथे येऊन तरी मार्कंडा सोडा.” पण मनुष्य ज्या मापाने मोजावयास शिकला त्याच मापाने मोजणार.

फिएझोले गाव फ्लॉरेन्सपेक्षाही जुने. रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांच्या दगडी तटाचे तुकडे अजून उभे आहेत. रोमन काळातले उघड्यावरचे नाट्यगृह आहे, उतारावर अर्धवर्तुळात दगडी पायऱ्या, आणि उन्हाळ्यात तिथे आजही खेळ होतात. मी त्या पायरीवर बसून पाहिले. रात्रभर झाडीपट्टीचे नाटक पाहणाऱ्या माणसाला त्या दगडावर दोन तासांच्या वर बसवणार नाही. आपली सतरंजी बरी. शेजारची मोन्ते चेचेरी नावाची टेकडी शतकानुशतके खणली गेली, कारण फ्लॉरेन्सच्या खांबांना आणि चौकटींना लागणारा निळसर करडा दगड तिच्या पोटात होता. खाणी बंद पडल्या, तिच्यावर आता झाडे लावलेली आहेत. खालचे शहर सुंदर दिसते तेव्हा त्यातला बराचसा दगड आपण ज्या डोंगरात उभे आहोत तिथलाच असतो, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावयास नको.

दुपारी मी ऑलिव्हच्या बागांतून फिरत असे. काढणीचे दिवस होते. झाडांखाली मोठाल्या जाळ्या अंथरायच्या आणि लांब दांड्यांनी फळे झोडून पाडायची. बाया-माणसे, म्हातारी, पोरे सगळी झाडाखाली. मला मोहाच्या दिवसांची आठवण झाली. एक फरक मात्र ध्यानात आला: मोह आपण होऊन देतो, माणसाने पहाटे उठून फक्त वेचायचे. ऑलिव्हला मार द्यावा लागतो.

आता या टेकडीची एक प्रसिद्ध गोष्ट. १३४८ साली फ्लॉरेन्सला प्लेगने गाठले, घरेच्या घरे ओस पडली. बोकॅचिओ नावाच्या लेखकाने या पार्श्वभूमीवर ‘देकामेरॉन’ नावाचा ग्रंथ रचला. सात तरुणी आणि तीन तरुण शहर सोडून जवळच्या डोंगरातल्या बंगल्यांत येऊन राहतात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. ती जागा फिएझोलेच्या उतारावरची असे तिथले लोक मानतात. गोष्टी उत्तम आहेत. ही दहा मंडळी मात्र मला फारशी आवडली नाहीत. खाली माणसे मरत होती आणि वर कारंज्याकाठी गोष्टी चालल्या होत्या. पण मग मनात आले, मी तरी काय करतो आहे? वरून शहर इतके निवांत दिसते, कारण खालचे रडणे इथवर ऐकू येत नाही. त्या खिडकीतले माझे सुखही त्याच जातीचे होते. भाचा रोज संध्याकाळी नोकरीवरून थकून बसने वर येई, माझ्यासमोर बसे, शहराकडे पाही, आणि बाईचे नाव आम्ही दोघेही काढीत नसू. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी हॉटेलच्या मालकीणबाईने भाच्याला विचारले, तुम्ही भारतीय, तर इंडियानो पाहिला का? भाचा म्हणाला, तो तर पूल आहे. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीवर तारांनी तोललेला मोठा पूल आहे, १९७८ साली पुरा झालेला. त्याला ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. त्यावरून हा आठवड्यातून दोनदा जाई. बाई म्हणाली, पुलाला नाव ज्याचे आहे तो तुमचा राजपुत्र. तिथेच जाळला त्याला. आणि खिडकीशी जाऊन तिने टेकडीच्या पश्चिमेची दरी दाखविली. त्या दरीतून एक ओढा वाहतो, मुन्योने त्याचे नाव. फिएझोलेच्या पायथ्याला वळसा घालून तो शहरात उतरतो आणि पलीकडच्या टोकाला आर्नोस मिळतो. त्या संगमावर, ती म्हणाली.

हा इंडियानो म्हणजे कोल्हापूरचे राजाराम महाराज. घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो: शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम हे नव्हेत, आणि शाहू महाराजांच्या मागून गादीवर आलेले राजाराम महाराजही हे नव्हेत. या राजारामांचा जन्म १८५० चा. दत्तक येऊन १८६६ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर बसले. इंग्रजी शिकलेले, जिज्ञासू. समुद्र ओलांडणे हे पाप मानले जात होते अशा काळात, १८७० मध्ये, ते इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहिले, कारखाने पाहिले, आणि इंग्रजीत डायरी लिहिली. परतीच्या प्रवासात प्रकृती बिघडली. इटलीत फ्लॉरेन्सपर्यंत आले, आणि १८७० च्या नोव्हेंबरच्या ३० तारखेला तिथल्या एका हॉटेलात त्यांचा अंत झाला. वय वीस. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती डायरी १८७२ मध्ये लंडनला छापविली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज याच राजारामांच्या नावाचे.

आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीच्या राज्याची राजधानी होती. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईपर्यंत येऊन पोचली होती, म्हणजे बातमी काही तासांत जाऊ शकत होती. माणसाला मात्र बोटीने कित्येक आठवडे लागत. कोल्हापुराहून कुणी येणे शक्य नव्हते. सोबतची मंडळी थोडकी. ती म्हणाली, आमच्या धर्माप्रमाणे दहन झाले पाहिजे, आणि तेही नदीकाठी, संगमावर. इटलीत त्या काळी प्रेत पुरण्याचीच चाल होती. तिकडचे नव्या पद्धतीचे पहिले दहन मिलान शहरी झाले ते १८७६ साली, म्हणजे या प्रसंगानंतर पाच वर्षांनी. चर्चचा दहनाला विरोध. पण ब्रिटिश वकिलातीने खटपट केली आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. रात्रीच्या अंधारात प्रेत नदीकाठी नेले, मुन्योने आणि आर्नो यांच्या संगमावर चिता रचली, आणि १ डिसेंबर उजाडण्यापूर्वी तिला अग्नी दिला. अशा अवेळी, अशा थंडीतही शहरातली माणसे पाहावयास जमली होती.

कुतूहलाने जमली असतील, हे मी मान्य करतो. पण कुणी आडवे आले नाही. हे तेच शहर, ज्याने आपल्या स्वतःच्या दान्ते कवीला १३०२ मध्ये हद्दपार केले. तो १३२१ मध्ये राव्हेन्नाला परक्या छपराखाली वारला. पुढे फ्लॉरेन्सने त्याच्या अस्थी मागितल्या आणि राव्हेन्नाने त्या दिल्या नाहीत. त्याच्यासाठी सांता क्रोचे चर्चमध्ये बांधलेली कबर आजही रिकामी आहे. घरच्या माणसाला ज्या शहराने जागा नाकारली, त्याने एका अनोळखी पोराला एका रात्रीपुरता नदीचा काठ दिला. शहरांचे मोठेपण घुमटांवरून मोजतात. मी घुमट सहा दिवस पाहिला होता, म्हणून मला हे म्हणण्याचा अधिकार आहे की हा काठ मला अधिक मोठा वाटतो.

मी कॅलेंडर पाहिले. दोन दिवसांनी तीस नोव्हेंबर येत होती. भाच्याला म्हटले, “त्या दिवशी रजा घे.”

नदीकाठचे ते उद्यान तीन-साडेतीन किलोमीटर लांब आहे. भाच्याने त्याचे नाव सांगितले तेव्हा मी चमकलो: काशीने! त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गाईगुरांचे गोठे एवढाच, काशीचा काही संबंध नाही. पण माझ्या कानाला जे ऐकू आले ते आले. पाने गळून पडलेली मोठाली झाडे, धावणारी माणसे, कुत्री. चालत चालत अगदी शेवटच्या टोकाला गेलो. तिथे एक छत्री आहे, आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या समाधीवर असते तशी, खांब आणि वर घुमटी. आराखडा चार्ल्स मँट यांचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. आत महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला. हे स्मारक १८७४ चे. पागोटे, अंगावर अलंकार, आणि चेहरा कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहे. पावसापाण्याने झिजलेल्या त्या दगडावर देवनागरी अक्षरे दिसली, आणि मी, चाळीस वर्षे फळ्यावर तीच अक्षरे गिरविलेला मनुष्य, ती बोटाने चाचपून पाहू लागलो. भाचा पाठ करून पुलाकडे पाहत उभा होता. वरून मोटारींचा अखंड घर्र आवाज. रोज हजारो माणसे या पोराच्या नावावरून जातात.

मला त्या वेळी गोठणगाव आठवले. आपल्यापासून फार लांब नाही, गोंदिया जिल्ह्यातले प्रतापगडाजवळचे गोठणगाव. तिथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आपणांपैकी पुष्कळांनी तिथल्या रंगीत पताका पाहिल्या असतील, स्वेटरच्या निमित्ताने त्या लोकांशी घासाघीसही केली असेल. बर्फाच्या देशातली ती म्हातारी माणसे आपल्या चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात मरण पावली, तेव्हा त्यांचे अंत्यविधी त्यांच्या रीतीने झाले की नाही, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते. शाळेच्या सहली घेऊन दोनदा गेलो आहे. पताकांचे फोटो काढले आहेत. हे मला आर्नोच्या काठी उभे राहून सुचावे याची लाज वाटली. परत आल्यावर मी तिथे जाऊन आलो, पण तो विषय आजचा नव्हे.

छत्रीच्या पलीकडे उतार आहे. मुन्योने तिथे गुपचूप येऊन मिळतो. पाणी थोडे, गढूळ, काठाला प्लास्टिक अडकलेले. भाच्याने बूट काढले. मी म्हटले, “गार आहे रे.” तो ऐकल्यासारखे न करता उतरला, घोट्याइतक्या पाण्यात उभा राहिला. मी गावाहून निघताना पुडीत तीळ आणले होते, का आणले ते मलाही नीट माहीत नव्हते. ती पुडी त्याच्या हाती दिली. त्याने मंत्र विचारला. मी म्हटले, नाव घे, पुरे. त्याने आईचे नाव घेतले, तिच्या वडिलांचे घेतले, ओंजळीने तीनदा पाणी सोडले. मग थोडे थांबून म्हणाला, “मामा, यांचेही घेऊ का?” मी म्हटले, घे. त्याने राजारामांचे नाव घेऊन चौथी ओंजळ सोडली.

वर आल्यावर तो बोलू लागला. सतीच्या काठावर त्या दिवशी तो किती वेळ उभा होता, पलीकडचा धूर दिसतो का म्हणून कसा पाहत होता, पावसात धूर कुठला आणि ढग कुठला ते कळेना, जवळ उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने त्याच्या डोक्यावर स्वतःची छत्री कशी धरली आणि तासभर तो माणूस हलला नाही, हे सारे त्याने मला आर्नोच्या काठावर प्रथम सांगितले. तो माणूस कोण, ते त्याला ठाऊक नाही. कुरखेड्याचाच असणार. कदाचित आज इथे बसलेलाही असेल.

अंधार पडल्यावर बसने टेकडीवर परतलो. हॉटेलात आमच्यासाठी शिळी पोळी कुसकरावी तसा शिळा पाव घालून केलेले तिकडचे भाज्यांचे आणि घेवड्याचे दाट सूप गरम ठेवलेले होते. मालकीणबाईने विचारले, पाहिलात का इंडियानो? भाचा तिला इटालियनमध्ये काहीतरी सांगू लागला. बराच वेळ सांगत होता. तिचा तो न बोलणारा भाऊही काम सोडून दाराशी येऊन उभा राहिला. खिडकीतून खाली शहराचे दिवे दिसत होते. मला त्या बोलण्यातले दोनच शब्द कळले. एक ‘माम्मा’, आणि दुसरा ‘सती’.